पॉम्पेईचा शेवटचा दिवसच कशाला शिकवायचा?

पॉम्पेई म्हटले की शाळकरी मुलांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते, हे सांगायला ज्योतिषी नको. धूर ओकणारा व्हेसुव्हियस डोंगर, सैरावैरा पळणारी माणसे आणि मग राखेत जिथल्या तिथे थिजलेली शरीरे. चित्रपट, माहितीपट, सचित्र पुस्तके सगळी तिथेच येऊन थांबतात. इटलीतल्या नेपल्सच्या उपसागराकाठी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास आकाराला आलेले, इ. स. पूर्व ८० मध्ये रोमची वसाहत झालेले आणि त्यानंतरही दीडशेहून अधिक वर्षे नांदलेले हे शहर. त्याच्या एवढ्या आयुष्यातून आपण मुलांना दाखवतो ते इ. स. ७९ मधले जेमतेम दोन दिवस. एखाद्या माणसाची ओळख त्याच्या शवविच्छेदनाच्या अहवालावरून करून द्यावी, तसा हा प्रकार आहे. पॉम्पेई आणि शेजारचे हर्क्युलेनियम मुलांना जरूर शिकवावे, भरपूर शिकवावे. पण धड्याच्या मध्यभागी ज्वालामुखी नको, पुरावा हवा. हे आपल्याला कळले कसे आणि त्याआधी आपण काय समजून बसलो होतो, हा प्रश्न तिथे हवा. इतिहास स्वतःच्या चुका कशा दुरुस्त करतो, हे इतक्या उघडपणे दाखवणाऱ्या जागा जगात फार नाहीत.

शेवटच्या दिवसाचे हे वेड जुने आहे. रशियन चित्रकार कार्ल ब्र्युलोव्हने १८३० ते १८३३ या काळात या संहाराचे भलेमोठे चित्र रंगवले. ते पाहून एडवर्ड बुलवर-लिटन या इंग्रज लेखकाला कादंबरी सुचली, ती १८३४ मध्ये आली आणि युरोपभर गाजली. त्याच्या आधीचे उत्खननही काही ज्ञानाच्या ओढीने सुरू झालेले नव्हते. नेपल्सच्या बूर्बोन राजाच्या पदरच्या माणसांनी १७३८ मध्ये हर्क्युलेनियमला आणि १७४८ मध्ये पॉम्पेईला खोदायला सुरुवात केली, ती राजवाडा सजवायला पुतळे आणि भित्तिचित्रे हवीत म्हणून. बोगदे खणायचे, चांगला माल उचलायचा आणि पुढे सरकायचे. आपण ज्या शहरात खणतो आहोत ते पॉम्पेईच आहे, हे सुद्धा शिलालेख हाती लागल्यावर १७६३ मध्ये ठरले; तोवर ते जवळचेच दुसरे शहर, स्टॅबिए, असावे अशी समजूत होती. पंधरा वर्षे एका शहरात राबून त्याचे नाव चुकीचे सांगणारे हे खोदणारे धड्याच्या पहिल्याच पानावर यायला हवेत.

मग साक्षीदाराकडे वळू. या उद्रेकाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आपल्याकडे एकच आहे, धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांतले. सतरा वर्षांचा प्लिनी त्या वेळी उपसागराच्या पलीकडच्या टोकाला, सुमारे तीस किलोमीटरवरच्या मिसेनम इथे होता. त्याचा मामा, थोरला प्लिनी, तिथल्या आरमाराचा प्रमुख. उद्रेकाचा ढग पाहायला मामा जहाजाने निघाला, भाच्याला येतोस का म्हणून विचारले, तर भाचा म्हणाला, मला अभ्यास आहे. मामा स्टॅबिएच्या किनाऱ्यावर मेला, भाचा वाचला. (अभ्यासाचे महत्त्व पटवायला शिक्षकांना याहून सोयीचा दाखला मिळणार नाही, पण तो मोह आवरावा.) ही पत्रे त्याने लिहिली ती पंचवीसेक वर्षांनंतर. टॅसिटसने मामाच्या मृत्यूची हकीकत विचारली म्हणून लिहिली, त्यामुळे मामा धीरोदात्त दिसावा अशी लेखकाची इच्छा असणारच. आणि गंमत म्हणजे दोन्ही पत्रांत पॉम्पेई किंवा हर्क्युलेनियम ही नावेच येत नाहीत. मग साक्ष फेकून द्यायची का? तर तसेही नाही. पाइन वृक्षासारखा उंच जाऊन फांद्या पसरलेला ढग त्याने वर्णिला आहे, आणि अशा उद्रेकांना भूशास्त्रज्ञ आज त्याच्याच नावाने ‘प्लिनियन’ म्हणतात. १९८० मध्ये अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्सचा उद्रेक झाला. त्यानंतर तप्त वायू आणि राखेचे लोट जमिनीलगत कसे धावतात याचा अभ्यास वाढला, आणि पत्रातली वर्णने व पॉम्पेईचे थर एकमेकांशी ताडून पाहणे सोपे झाले. एकच साक्षीदार एका बाबतीत विश्वासार्ह आणि दुसऱ्या बाबतीत सांभाळून ऐकण्याजोगा असू शकतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ही गोष्ट रोज उपयोगी पडते.

तारखेचेच पाहा. पत्राच्या सर्वांत भरवशाच्या मानल्या गेलेल्या हस्तलिखितात २४ ऑगस्ट ही तारीख निघते, आणि पाठ्यपुस्तकांत तीच छापली गेली. पण मूळ पत्र आज अस्तित्वात नाही. आहेत त्या शतकानुशतके हाताने उतरवलेल्या नकला, आणि त्यांत तारखेचे पाठभेद आहेत. दुसरीकडे खोदकामात डाळिंबासारखी शरद ऋतूतली फळे सापडत होती, ऊब देणाऱ्या शेगड्या वापरातल्या जागी दिसत होत्या, द्राक्षांचा रस काढून रांजणात भरलेला दिसत होता. म्हणून ऑगस्टबद्दल शंका जुनीच होती. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली ओळ सापडली. तिच्यातली तारीख आपल्या हिशेबाने १७ ऑक्टोबर. कोळशाची खरड फार टिकत नाही, तेव्हा ती त्याच वर्षाची असणार आणि उद्रेक ऑक्टोबरात झाला असणार, असा तर्क निघाला आणि बातम्यांत तो निकाल म्हणूनच छापला गेला. पण त्या ओळीत वर्ष नाही. बंद खोलीत कोळसा वर्षभर का टिकू नये, असे विचारणारेही आहेत. हा वाद मिटलेला नाही, आणि न मिटलेला आहे म्हणूनच तो वर्गात न्यायला हवा. आठवीतल्या मुलांचे दोन गट करावेत, हस्तलिखित एका गटाच्या आणि डाळिंब व कोळसा दुसऱ्या गटाच्या हाती द्यावा आणि तासभर भांडू द्यावे. ‘पॉम्पेई केव्हा नष्ट झाले?’ या एका गुणाच्या प्रश्नात किती गुंते आहेत, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

सगळ्यात बोलका दाखला मात्र त्या शरीरांचाच आहे, ज्यांच्या चित्रांवर पॉम्पेईची प्रसिद्धी पोसली गेली. राखेत गाडलेल्या देहांचे मांस कुजून गेले आणि घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्लीने त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतले, ते आळल्यावर भोवतालची राख काढली आणि माणसे उभी राहिली. कल्पना अफाट होती. पण माणूस दिसला की त्याची गोष्ट रचायचा मोह कुणाला आवरतो? एका घरात जिन्याखाली चौघे सापडले, दोन प्रौढ आणि दोन मुले. एका प्रौढाच्या दंडावर सोन्याचे जड कडे आणि मांडीवर मूल. ठरले, ही आई. मग दुसरा प्रौढ बाप, आणि चौघांचे कुटुंब. कित्येक दशके हे कुटुंब पुस्तकांत नांदले. २०२४ मध्ये प्लास्टरमध्ये अडकलेल्या हाडांतून काढलेल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि निघाले असे की कडे घातलेली व्यक्ती पुरुष होती आणि मांडीवरच्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. इथे कांकणानेच फसवले. दागिना म्हणजे बाई, बाई आणि मूल म्हणजे आई, आई म्हणजे कुटुंब, ही साखळी राखेतून निघालेली नव्हती, ती पाहणाऱ्यांच्या डोक्यातून निघाली होती. दुसऱ्या एका घरात मिठी मारलेल्या दोघांना बहिणी किंवा मायलेकी मानले जात होते. त्यांतला किमान एक जण पुरुष निघाला. शिवाय जुन्या काळी डागडुजी करताना काही साच्यांत फेरफार झालेले दिसतात, म्हणजे ज्याला आपण जसेच्या तसे समजत होतो तेही थोडे सजवलेले होते.

हर्क्युलेनियमची गोष्टही याच वळणाची. तिथे पूर्वी अगदी मोजके सांगाडे सापडले होते, म्हणून बहुतेक लोक वेळीच निसटले असे मानले गेले. मग १९८० नंतरच्या दशकात जुन्या किनाऱ्यावरच्या नावा ठेवायच्या कमानींत खोदकाम झाले आणि सुमारे तीनशे माणसे एकमेकांना बिलगून बसलेली सापडली. पुरावा नव्हता असे नाही, आपण तिथे पाहिलेले नव्हते. पॉम्पेईतही मागे राहिले ते म्हातारे, आजारी आणि मुले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई, आणि ऐकायला ते पटतेही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक एस्टेल लेझर यांनी जुन्या स्नानगृहांत ढीग करून ठेवलेली हाडे एकेक करून तपासली, तेव्हा तसा कल दिसेना; कोणत्याही सर्वसाधारण वस्तीत असावे तसेच वयाचे आणि स्त्री-पुरुषांचे मिश्रण होते. पटते म्हणून खरे धरलेल्या किती गोष्टी आपण मुलांच्या वह्यांत उतरवतो, असा प्रश्न इथे पडायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचाच येईल. मुले ऐकतात ती ज्वालामुखीमुळे. तोच काढून घेतलात तर उरेल ती हस्तलिखितांची रटाळ चर्चा. आक्षेपात तथ्य आहे. पण दाराशी उभे करायला गोष्ट हवी, याचा अर्थ दारातूनच परत पाठवावे असा होत नाही. ब्रिटनमध्ये लॅटिन शिकणाऱ्या कित्येक पिढ्या १९७० पासूनच्या केंब्रिज पाठमालेवर वाढल्या. तिच्या पहिल्या भागाचा नायक केसिलियस हा पॉम्पेईतला सावकार. बारा पाठ मुले त्याच्या घरात, स्वयंपाकघरात, बाजारात वावरतात आणि बाराव्या पाठात डोंगर फुटतो. आधी माणूस ओळखीचा होतो म्हणून तो मेल्याचे वाईट वाटते. हा केसिलियस काल्पनिक नाही. १८७५ मध्ये त्याच्या घरात मेण लावलेल्या दीडशेहून अधिक लाकडी पाट्या सापडल्या. त्यांत लिलावाच्या पावत्या, दलालीचे हिशेब आणि साक्षीदारांची नावे होती. पण शेवटची पाटी इ. स. ६२ ची आहे, आणि त्याच सुमारास पॉम्पेईला मोठा भूकंप झाला होता. केसिलियस ७९ पर्यंत जगला याला पुरावा नाही. कदाचित तो भूकंपातच गेला. म्हणजे लाडक्या नायकाला पाठ्यपुस्तकाने सतरा वर्षे उसनी दिली. हे मुलांना शेवटी सांगितले तर रस कमी होणार नाही, उलट वह्या बंद करून ती पाट्यांबद्दल विचारू लागतील.

आणि ज्वालामुखी वगळला तरी त्या शहरात पाहण्यासारखे इतके आहे की वर्ष पुरणार नाही. भिंतींवर निवडणुकीच्या हजारो जाहिराती रंगवलेल्या आहेत, आणि एका उमेदवाराला शहरातले झोपाळू, उशिरापर्यंत पिणारे आणि भुरटे चोर यांचा पाठिंबा असल्याचे विरोधकांनी (किंवा कुणी थट्टेखोरांनी) जाहीर करून टाकले आहे. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या एका बेकरीच्या घरात ऑलस रुस्टियस वेरस या उमेदवाराला मत द्या असे आवाहन घरातल्या देव्हाऱ्याच्या खोलीत रंगवलेले निघाले, आणि त्याच घरात सापडलेल्या जात्याच्या दगडावर त्याच्या नावाची आद्याक्षरे. उमेदवार आणि पाववाला यांचे साटेलोटे कळायला मराठी मुलांना भाषांतर लागू नये. पण त्याच बेकरीच्या खिडक्या लहान आणि लोखंडी गजांच्या आहेत, बाहेर पडायला वाट फक्त मालकाच्या घरातून, आणि फरशीत अर्धगोल खाचा खणलेल्या. गाढवे आणि गुलाम डोळे झाकल्यासारखे गोलगोल फिरत जाते ओढत, त्यांची पावले एकमेकांत अडकू नयेत म्हणून त्या खाचा. हे वाचून रोमन संस्कृतीचे वैभव म्हणजे नेमके कुणाचे वैभव, हा प्रश्न वर्गात आपोआप उठतो. गुलामांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेले जवळजवळ काही नाही. जे आहे ते फरशीवर आहे.

दुसरा आक्षेप नाजूक आहे: मेलेल्या माणसांचे आकार मुलांना दाखवायचे का? ते पुतळे नाहीत, आत हाडे आहेत, ही माणसे तडफडून मेली आहेत, आणि त्यांच्यासोबत पर्यटक फोटो काढतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात हा प्रश्न टाळलेला नाही. तिथे बारावीच्या प्राचीन इतिहासात व्हेसुव्हियसची शहरे हा भाग सर्वांना सक्तीचा आहे, आणि मानवी अवशेषांचा अभ्यास आणि प्रदर्शन नैतिक दृष्ट्या योग्य आहे का, बदलत गेलेले अन्वयार्थ, जतनाच्या अडचणी, हे सगळे अभ्यासक्रमातच लिहिलेले आहे. सिडनीतल्या मराठी घरांमधल्या ज्या मुलांनी हा विषय घेतला असेल त्यांना त्यावर उत्तर लिहावे लागते. माझ्या मते लहान वर्गांत साच्यांची छायाचित्रे न दाखवताही काम भागते. मोठ्या वर्गांत दाखवावीत, पण प्रश्नासकट. डोळे फिरवून घेणे आणि टक लावून बघणे यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

तिसरा आक्षेप पुरातत्त्वज्ञांचा, आणि तो सर्वांत वजनदार. पॉम्पेईवर भर दिला की मुलांना वाटते, भूतकाळ असाच क्षणात गोठतो आणि आपण फक्त झाकण उघडायचे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लुइस बिनफर्डने १९८१ मध्ये याच भ्रमाला ‘पॉम्पेई-गृहीतक’ म्हणून हिणवले होते. पण खुद्द पॉम्पेईही तसे गोठलेले नाही. भूकंपानंतर सतरा वर्षांनीही अनेक घरांची दुरुस्ती चालूच होती, काहींचा वापर बदलला होता. उद्रेकाच्या पहिल्या दिवशी फक्त हलका प्यूमिस दगड पडत होता, त्या अवधीत बरेच लोक मौल्यवान वस्तू घेऊन निघून गेले. नंतर माणसे परत आली, भिंतींना भोके पाडून ऐवज काढून घेऊन गेली. म्हणजे एखाद्या खोलीत भांडी दिसली नाहीत तर ती नव्हती असे नाही, कुणी नेली असतील. बिनफर्डची तक्रार बरोबर आहे, आणि ती पॉम्पेई शिकवण्याच्या विरोधात नसून झाकणवाल्या पद्धतीने शिकवण्याच्या विरोधात आहे. जाता जाता, मुलांचा आणखी एक गैरसमज: पॉम्पेई लाव्ह्याखाली गाडले गेलेले नाही. वाहत्या लाव्ह्याचे काय होते ते पाहायला सह्याद्रीचे काळे पत्थर पुरेत. पॉम्पेई गाडले गेले ते सच्छिद्र दगडांच्या पावसाखाली आणि राखेखाली.

राहता राहिला आपल्याकडे हमखास येणारा सवाल: तेर, पैठण सोडून हे परके शहर कशाला? पहिले उत्तर असे की आपल्या जुन्या शहरांना अशी अवचित पेटी लाभली नाही. ती हळूहळू ओसाड झाली, विटा लोकांनी नेल्या, वर पुन्हा वस्ती झाली. पुरावा कमी असला की तर्क जास्त लागतो, आणि तर्काची सवय भरपूर पुराव्यावर आधी करून घेतलेली बरी. दुसरे उत्तर पॉम्पेईतच सापडले आहे. १९३८ मध्ये अमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात एका घरातून सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. आधी तिला लक्ष्मी म्हटले, आता यक्षी म्हणणारे अधिक. आधी ती आरशाची मूठ ठरली, मग फर्निचरचा पाय असावा असे मत पुढे आले. ती कुठे घडली यावरही एकमत नाही: तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे म्हणून काही जण वायव्येकडे बोट दाखवतात, पण तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवच्या तेरला सापडल्या आहेत, म्हणून काही जण सातवाहनांच्या दख्खनकडे. आणि हिंदुस्थान दरवर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो अशी तक्रार ज्याने लिहून ठेवली, तो म्हणजे तोच थोरला प्लिनी, स्टॅबिएच्या किनाऱ्यावर मेलेला मामा. तेरच्या संग्रहालयातली मूर्ती आणि नेपल्सच्या संग्रहालयातली मूर्ती यांची चित्रे शेजारी ठेवून सातवीच्या मुलाला सारखेपणा आणि फरक शोधायला सांगता येईल. त्याला परका इतिहास म्हणणे कठीण आहे.

पॉम्पेईचे सहासष्ट हेक्टर क्षेत्र, त्यातले तिसऱ्या हिश्श्याइतके अजून खोदलेले नाही, आणि ते मुद्दाम राखून ठेवले आहे. पुढच्या पिढीकडे जास्त चांगली साधने असतील, असा त्यामागचा विचार. वर्गातल्या मुलांना हा आधी आळस वाटतो. त्यांना हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांबद्दल सांगावे. १७५२ मध्ये तिथल्या एका प्रासादात जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या, तुकडे धरून अठराशेच्या आसपास. सुरुवातीला काही कोळसा समजून फेकल्या गेल्या, काही चाकूने उभ्या चिरल्या, आणि वाचताना चुरा झाला. काही गुंडाळ्या न उघडता राहिल्या. त्यांतल्या सहा १८०२ मध्ये नेपोलियनला नजराणा म्हणून फ्रान्सला गेल्या. त्यांतली एक पॅरिसमध्ये दोनशे वर्षे तशीच पडून होती. तिचे क्ष-किरणांनी थर टिपले गेले, आणि २०२३ मध्ये संगणकाच्या मदतीने, गुंडाळी न उलगडता, तिच्यातला पहिला शब्द वाचता आला. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जांभळा’. तो वाचणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता.